अटी कुठे लिहिल्या आहेस?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी २५ वर्षांची. बडोद्याच्या कलाभवनातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. तीन वर्षं मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत ड्राफ्टिंग, म्हणजे तांत्रिक रेखाटनं, करते, पगार ₹२७,०००. रात्री आणि रविवारी चित्रं काढते, जुन्या बडोद्यातल्या पोळी, म्हणजे गल्ल्या, आणि वाडे. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं करायची आहेत. स्वतःच्या अटींवर जगायचंय. बाबा निवृत्त झालेत. आई म्हणते, लग्न होऊ दे, मग काय ते कर. नोकरी सोडू का?" सोबत पाच चित्रं जोडली आहेत.

आधी चित्रांबद्दल बोलते, कारण उत्तराची सुरुवात तिथेच आहे.

पाचही चित्रं मी आधी मोबाइलवर पाहिली, मग कॉम्प्युटरवर मोठी करून. चौथ्या चित्रात वाड्याच्या कोपऱ्यातून पावसाच्या पाण्याचा नळ खाली आलाय. तो भिंतीला धरून ठेवणारा क्लँप तू काढलायस आणि क्लँपचे दोन्ही नट सहाकोनी काढलेस. त्यातला एक थोडा फिरलेला आहे, कुणीतरी नंतर आवळला असावा तसा. गंजाचा ओघळही बरोबर नटाच्या खालच्या टोकापासून सुरू होतो. मी सत्तावीस वर्षं चित्रांवर पोट भरते आहे. फाइन आर्ट्समधल्या माझ्या वर्गात हा नट असा कुणी काढला नसता. आम्ही तिथे एक करडा ठिपका ठेवून पुढे गेलो असतो.

"माझ्यात तेवढं आहे का" असं तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या ओळींमागे तो प्रश्न दिसतो. त्याचं उत्तर देऊन टाकते: आहे. आता नोकरीकडे वळू.

तुझ्या मूळ पत्रात "स्वतःच्या अटींवर" हे शब्द तीनदा आलेत. अट मात्र एकही आलेली नाही. किती वाजता काम सुरू करणार, कुठलं काम घेणार नाही, महिन्याला किती हवेत, चित्र दिल्यावर त्याचे हक्क कुणाकडे राहणार, यातलं काहीच नाही. तुला दोष देत नाही. माझ्याकडे या विषयावर बोलायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं असंच असतं. अटी म्हणजे मनातली एक मोकळी, छान भावना असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालले होते आणि त्याची किंमत मोजली.

१९९८ मध्ये मी शिक्षण संपवून बाहेर पडले. पाच वर्षं एका जाहिरात एजन्सीत काढली आणि २००३ मध्ये स्वतंत्र काम सुरू केलं. दुसऱ्याच वर्षी एका फरसाणवाल्यांनी खाकऱ्याच्या पाकिटासाठी चित्र सांगितलं. पोळपाटापाशी बसलेली बाई, तिच्या मनगटातल्या दोन बांगड्या, बाजूला तवा. पीठ लागलेला हात नीट उतरावा म्हणून आईला तीन दिवस स्वयंपाकघरात बसवून मी स्केचेस केली होती. दीड हजार रुपये मिळाले आणि मी खूश झाले. पुढच्या दिवाळीत तीच बाई त्यांच्या कॅलेंडरवर दिसली. मग टेम्पोच्या दोन्ही बाजूंना, मग दुसऱ्या गावातल्या दुकानाच्या पाटीवर. आणि तिथे तिच्या बांगड्या कुणीतरी पुसून टाकल्या होत्या. मी त्यांच्या दुकानात गेले. शेठ शांतपणे म्हणाले, "बेन, पैसा तो आपी दीधा ने?" पैसे तर दिले ना? मी घरी येऊन रडले. पण त्या दिवशी माझ्याकडे एक कागदसुद्धा नव्हता.

नंतर कायदा वाचला तेव्हा कळलं की, बांगड्यांचं सोडलं तर, शेठ फारसे चुकीचे नव्हते. हे तू नीट समजून घे, कारण आपल्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना हे उलटंच माहीत असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सर्वसाधारण नियम असा की ज्यानं निर्मिती केली तो पहिला मालक. पण कलम १७ मध्ये त्याला अपवाद आहेत. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं आणि उलट काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेलं काम, तसा वेगळा करार नसेल, तर नोकरी देणाऱ्याचं. म्हणजे आपण गप्प बसलो की हक्क समोरच्याकडे जातो. आणि आपण बोललो, दोन ओळी लिहून घेतल्या, तर तोच कायदा आपल्या बाजूनं उभा राहतो. कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी चित्र आपलं आहे हे सांगण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो, आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड कुणी केली तर दादही मागता येते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोटेशनच्या खाली पाच वाक्यं असतात. चित्र फक्त अमुक पाकिटासाठी किंवा अमुक पुस्तकासाठी, ३ वर्षं, भारतात. दुसरीकडे वापरायचं असेल तर वेगळं बोलू. मूळ चित्र आणि कॉपीराइट चित्रकाराकडे. पेन्सिलच्या टप्प्यावर दोनदा बदल करून मिळतील, रंग भरल्यावरच्या बदलांचे पैसे वेगळे. आणि अर्धे पैसे आगाऊ, ते आल्यावरच पेन्सिल हातात. सुरुवातीला हे पाठवताना माझे हात कापायचे. वाटायचं, पार्टी पळून जाईल. काही गेल्याही. पण ज्या राहिल्या त्यांच्याशी आजवर एकदाही भांडण झालेलं नाही. व्यापारी माणूस अटीला घाबरत नाही, हे मला बडोद्याच्या बाजारानं शिकवलं. त्याचा स्वतःचा सगळा दिवस अटी घालण्यात आणि मान्य करण्यात जातो. "बेन, कंईक ओछुं करो ने", काहीतरी कमी करा ना, एवढं तो म्हणणारच. तेव्हा मी पैसे कमी करत नाही, काम कमी करते. पानभर चित्राऐवजी अर्धं पान, किंवा तीन रंगांऐवजी एक. दोघांचाही मान राहतो.

तुझ्या बाबतीत पहिला कागद म्हणजे तुझंच ऑफर लेटर. ते काढून वाच. नोकरीत असताना बाहेरचं काम करू नये असं कलम बऱ्याच कंपन्या घालतात. काही तर नोकरीच्या काळात केलेली कुठलीही निर्मिती आमची, अशी मोघम भाषा वापरतात. तुझ्या पत्रात तसं काही असेल तर एचआरला साधा ईमेल लिही की मी सुट्टीच्या वेळात, स्वतःच्या साहित्यावर मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, कंपनीच्या कामाशी त्याचा संबंध नाही, कृपया संमती द्यावी. उत्तर आलं की जपून ठेव. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चित्राचं काहीही करू नकोस, स्कॅनसुद्धा नाही.

यावरून तुला कळलंच असेल की नोकरी आज सोड असं मी म्हणत नाहीये. पण त्याचं कारण भीती नाही.

तू कलाभवनात शिकलीस. ती घुमटांची इमारत आज इंजिनिअरिंगची म्हणून ओळखली जाते, पण १८९० मध्ये सयाजीरावांनी रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या हातून कलाभवन उभं केलं तेव्हा रंग, विणकाम, यंत्रं, चित्रकला असं सगळं एका छपराखाली शिकवायची कल्पना होती. त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके नावाचा मुलगा मुंबईत जे. जे.त शिकून इथे आला आणि चित्रकलेबरोबर फोटोग्राफीही शिकला. त्यानंतर त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईचा धंदा केला. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ मध्ये. तेव्हा फाळके ४३ वर्षांचे होते. मधली वर्षं फुकट गेली असं मला वाटत नाही. कॅमेरा, रसायनं, छपाई, पडदे रंगवणं, सगळं त्या एका कामात लागलं. तू ड्राफ्टिंगच्या तीन वर्षांबद्दल "वाया गेली" असं लिहिलंस ते मला पटलं नाही. तो सहाकोनी नट त्या तीन वर्षांनीच दिलाय.

दुसरं उदाहरण याच गावातलं. चित्रकार भूपेन खख्खर १९६२ मध्ये मुंबईहून बडोद्यात आले. ते चार्टर्ड अकाउंटंट होते. इथे फाइन आर्ट्समध्ये कलासमीक्षा शिकले आणि पुढे बरीच वर्षं हिशेबाची अर्धवेळ नोकरी करत राहिले, उरलेल्या वेळात चित्रं. घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, अशी माणसं त्यांनी कॅनव्हासवर आणली तेव्हा भारतीय चित्रकलेत अशा माणसांना फारशी जागा नव्हती. मी विद्यार्थिनी असताना मला ती नोकरीची गोष्ट थोडी खटकायची. एवढा मोठा चित्रकार आणि हिशेब लिहितो? आज मी त्याकडे त्यांची अट म्हणूनच पाहते. पोट हिशेबावर भरायचं आणि चित्राला कुणाची मर्जी सांभाळायला लावायची नाही. त्यामुळे त्यांना हवं ते, हवं तेव्हा काढता आलं.

कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात, जाऊन ये. गेली असशील, पुन्हा जा. तिथली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं १९३९ ते १९४६ या काळात झाली. त्यांची नोकरी शांतिनिकेतनला होती, तिथल्या कलाभवनात. हो, नाव तेच. सवड काढून ते इकडे यायचे, एक भिंत व्हायची, परत जायचे, पुन्हा यायचे. गंगावतरण, मीरा, महाभारताचं युद्ध, टागोरांचं नाटक 'नटीर पूजा'. खाली उभं राहून पाहिलं तर कुठेही तुकडे जोडल्यासारखं वाटत नाही.

तर अट क्रमांक एक वेळेची, आणि ती नोकरीतही घालता येते. तू लिहितेस, "रात्री वेळ मिळेल तेव्हा". हे बंद कर. मंगळवार आणि गुरुवार रात्री साडेआठ ते साडेदहा, रविवार सकाळी सात ते अकरा. आठवड्याचे आठ तास झाले. घरच्यांना सांग की या वेळात मी घरात नाही असं समजा. पाहुणे आले तरी. पहिले दोन महिने कुरबुर होईल, मग सवय होते. आठ तास कमी वाटतात, पण वर्षाचे चारशेच्या वर होतात, आणि बत्तीस पानांचं मुलांचं पुस्तक तेवढ्यात रफपासून रंगापर्यंत नेता येतं. मी नेलंय.

माझ्याकडे एक लाल चोपडा आहे, आपल्याकडे दिवाळीला पूजेत ठेवतात तसा कापडी बांधणीचा. दरवर्षी नवा घेते. डाव्या पानावर लोकांचं काम: कुणाचं, किती दिवस लागले, किती मिळाले, कधी मिळाले. उजव्या पानावर त्याच आठवड्यात स्वतःसाठी काय काढलं ते. गेली दहा वर्षं मी वडाची झाडं काढते आहे. या गावाचं नावच वडावरून आलंय आणि रस्ते रुंद होताना ती एकेक करून जाताना मी पाहिलीत, म्हणून. महिन्याला एक चित्र. कुणी मागितलेलं नाही, विकायचंही नाही. २०११ च्या चोपड्यात सलग पाच महिने उजवी पानं कोरी आहेत. त्या वर्षी माझी सर्वांत जास्त कमाई झाली होती आणि त्याच वर्षी मी धंदा बंद करून पुन्हा नोकरी शोधत होते, इतका कामाचा वीट आला होता. तेव्हा दोन्हींचा संबंध लक्षात आला नाही. नंतर पानं उलटताना दिसला. आता उजवं पान सलग तीन आठवडे कोरं राहिलं तर पुढचं काम मी घेत नाही. ही माझी सर्वांत महाग अट आहे आणि ती मी मोडत नाही.

पैशाबद्दल. भाव काय लावायचा हे सगळे विचारतात आणि मग दुसऱ्याचे भाव पाहून लावतात. असं करू नकोस. स्वतःचा हिशेब मांड. समज, घरात तुझा वाटा महिन्याला ₹३०,०००. कामाचा खर्च, म्हणजे कागद, रंग, प्रिंट, इंटरनेट, दर पाच वर्षांनी बदलावा लागणारा कॉम्प्युटर धरून ₹८,०००. आरोग्य विमा, कर, बचत मिळून ₹१०,०००. झाले ₹४८,०००. आता महिन्यात तीस दिवस आहेत, पण पैसे मिळवून देणारे दिवस बारा-तेराच असतात. बाकीचे पार्टीला भेटण्यात, बिलं करण्यात, आजारपणात, सणात आणि स्वतःच्या चित्रात जातात. बारा धरले तर दिवसाचे ₹४,०००. एका चित्राला दीड दिवस आणि बदलांना अर्धा दिवस लागत असेल तर त्याची किंमत ₹८,०००. यापेक्षा कमीत घेतलंस तर फरक तू स्वतःच्या खिशातून भरते आहेस. कधी कधी भरावासा वाटेलही, एखाद्या सुंदर पुस्तकासाठी. पण ते ठरवून भर.

वसुली हा या धंद्यातला सर्वांत कंटाळवाणा भाग, त्यामुळे थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे. ऑनलाइन आहे, फुकट आहे, पैसे अडकायच्या आधीच करून ठेव. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून असे वेळेत न दिलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्स विभाग आपणहून फोन करतो. बिलावर उद्यम क्रमांक मोठ्या अक्षरात छाप. मला आजवर तक्रार करावी लागलेली नाही, क्रमांकानंच काम केलंय.

आता आई.

माझे बाबा एका औषध कंपनीत कारकून होते. मी नोकरी सोडते म्हटल्यावर ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "सात तारखेला काय?" त्यांचा पगार आयुष्यभर सात तारखेला आला होता. वाणी, दूध, शाळेची फी, सगळं त्या तारखेला टांगलेलं. मला तेव्हा ते फार कोतं वाटलं होतं. आज मी प्रत्येक सात तारखेला धंद्याच्या खात्यातून घरखात्यात ठरावीक रक्कम टाकते. जास्त कमाई झालेल्या महिन्यातही तेवढीच, कमी झालेल्या महिन्यातही तेवढीच. चांगल्या महिन्यांचं उरलेलं वाईट महिन्यांना पुरतं. ही पद्धत सुरू केल्यावर बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तीन वर्षांनी एकदा त्यांच्या मित्राला "मुलीचा पगार सातला होतो" असं सांगताना मी ऐकलं.

तुझी आई लग्न म्हणते तेव्हा तिला तुझी चित्रं नकोत असा अर्थ मी काढणार नाही. तिला एक तारीख हवी आहे, ज्या दिवशी तिची काळजी थांबेल. लग्नाशिवाय दुसरी तशी तारीख तिला कुणी दिलेली नाही. तू दे. तिच्यासमोर तूही असाच चोपडा उघडून बस आणि दाखव की आत्ता नोकरी आहे, अमुक कामं चालू आहेत, एवढे पैसे बाजूला पडलेत, आणि एवढे पडले की मी सोडणार. बाबांनाही बसव. निवृत्त माणसाला हिशेब तपासायला दिला तर तो फार मनापासून करतो, आणि तुला एक विश्वासू मुनीम मिळेल. लग्नाचं स्थळ आलं तर त्यालाही हेच पान दाखव. मंगळवार-गुरुवारचे दोन तास ज्याला पहिल्याच भेटीत खटकतात त्याच्याविषयी तुला वेळेवर कळेल.

सोडायचं कधी? सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं सगळे सांगतात. ते बरोबर आहे, मी तर नऊ महिन्यांचा म्हणते. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी चढलं तेव्हा कारेलीबागेतल्या माझ्या तळमजल्यावरच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. कागदाचे गठ्ठे, प्रिंटर, बावीस वर्षांच्या मूळ चित्रांचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. चोपडे वरच्या फळीवर होते म्हणून वाचले. दोन महिने काम बंद होतं आणि सात तारीख दोन्ही महिन्यांत पाळली, ती त्या बाजूला ठेवलेल्या पैशांतून. मूळ चित्र स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव, एक प्रत घराबाहेर. आणि खोली घेशील तेव्हा पहिला मजला बघ.

पण पैशापेक्षा मी दुसरी खूण जास्त मानते. दुसऱ्यांदा आलेली पार्टी. पहिल्यांदा माणूस कुतूहलानं येतो, ओळखीनं येतो, स्वस्त वाटलं म्हणून येतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला तुझं काम आणि तुझ्या अटी दोन्ही माहीत असतात. असे तीन जण ज्या दिवशी तुझ्या डाव्या पानावर दिसतील, आणि त्यातला एक तरी बडोद्याबाहेरचा असेल, त्या दिवशी राजीनामा लिही. मला वाटतं दीड-दोन वर्षं लागतील. लवकर झालं तर थांबू नकोस. दोन वर्षं उलटूनही एकच जण असेल तर मला पुन्हा विचार, आपण चित्रं घेऊन बसू.

ती तीन माणसं कुठे शोधायची, तर तुझ्या नटापाशी. फुलं, ससे, ढग काढणारे पुष्कळ आहेत, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तशी किरकोळ चित्रं लोक कॉम्प्युटरकडून मिनिटात काढून घेतात. माझं तसलं काम जवळपास संपलं. जे टिकलंय ते जागेवर जाऊन, मोजून, विचारून काढावं लागणारं. तुला वस्तू आतून कशी जोडलेली असते ते दिसतं. वाडा उभा कापून दाखव: पाया, चौक, माजघर, माळा, पाणी कुठून येतं, धूर कुठून जातो. शिलाई मशीन, रहाट, सायकलचं फ्रीव्हील, पिठाची गिरणी. दहा वर्षांच्या मुलाला हे पाहायला फार आवडतं आणि मराठीत अशी पुस्तकं फार कमी आहेत. गुजरातीतही थोडीच. तू दोन्ही भाषा बोलतेस, मजकूर दोन्हींत करता येईल. आणि ज्या मकरपुऱ्याला तू कंटाळलीस तिथल्या छोट्या कारखान्यांना मशीन कसं बसवायचं हे कामगाराला समजेल अशी चित्रं हवी असतात. पुस्तकांपेक्षा ते पैसे चांगले देतात. तुझ्या कंपनीचे ग्राहक किंवा स्पर्धक मात्र नोकरीत असेपर्यंत घेऊ नकोस.

लग्नपत्रिका आणि नेत्यांचे वाढदिवसाचे फलक तुझ्याकडे पहिल्या महिन्यातच येतील, ओळखीतून. घ्यायचे की नाही हे तू ठरव, पण आधी ठरव, फोन आल्यावर नाही. मी पहिल्या वर्षी पत्रिका घेतल्या, फलक कधीच नाही.

रेषेबद्दल एकच गोष्ट. तुझी रेष सगळीकडे एकाच जाडीची आहे. ड्राफ्टिंगची सवय. ती मोडायला रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पुरेसा आहे. बाहेरून साधा लाकडी वाडा, आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं, पुराणातले प्रसंग आणि मराठे-इंग्रजांची लढाईसुद्धा. मी विद्यार्थिनी असताना एका घोड्यासमोर पूर्ण सकाळ बसले होते. मानेची रेष कानामागून निघते तेव्हा केसाएवढी बारीक असते, मानेच्या वळणावर ती जाड होते, जणू घोड्याचा भार तिथे आलाय, आणि छातीपाशी पुन्हा सुकत जाऊन संपते. ब्रश एकदाच टेकलाय, मध्ये उचललेला नाही. माझ्या हाताला ते यायला महिना लागला, आणि घरची सगळी जुनी वर्तमानपत्रं त्या घोड्यांनी भरली. तुझ्या नळाला ती रेष दिली तर काय होईल हे मला पाहायचंय.

पुढच्या रविवारी सकाळी मी तिथे जाणार आहे, माझ्या तीन विद्यार्थ्यांना घेऊन. दहा वाजता वाड्याच्या दाराशी ये. दोन नंबरचा गोल ब्रश, शाईची बाटली आणि रद्दी वर्तमानपत्रं आण. ऑफर लेटरची झेरॉक्सही आण, चित्रं झाल्यावर बाजूच्या टपरीवर चहा घेत ते कलम वाचू. आणि आईला यायचं असेल तर तिलाही घेऊन ये.